न पाहिलेल्या आकाशाचा अहवाल

मला वादळांचा नाद लागला तो फोनवर. अमेरिकेतली माणसं मोठाल्या गाड्या घेऊन काळ्या ढगांच्या मागे धावतात, त्यांचे व्हिडिओ मी रोज जेवताना बघायचो. बायको म्हणायची, याला निघताना छत्री घ्यायची आठवण राहत नाही आणि हा वादळांचा अभ्यास करतोय. तिचं काही चुकत नव्हतं. मी पुण्याहून टोकियोला आलेला, निशी-कसाईत राहणारा, एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळणारा बेचाळीस वर्षांचा माणूस. वादळामागे धावायला माझ्याकडे पुढे टोपली लावलेली सायकल होती आणि मेट्रोच्या तोझाई लाइनचा पास होता.

तरी मी धावून पाहिलं. जुलैतल्या एका शनिवारी फोनवरच्या रडारमध्ये टोकियोच्या उत्तरेला, सैतामावर लाल ठिपका दिसला. उन्हाळ्यात इकडे दुपारी जो पाऊस कोसळतो तो आपल्या वळिवाचाच भाऊ. अर्ध्या तासात येतो, विजा पाडतो आणि निघून जातो. मी तीन गाड्या बदलून दीड तासाने सैतामातल्या एका स्टेशनवर उतरलो. रस्ता ओला होता, ऊन पडलं होतं आणि एक आजीबाई छत्री मिटून पिशवीत ठेवत होत्या. तेवढ्यात बायकोचा फोटो आला. आमच्या बाल्कनीत वाळत घातलेली गादी पाणी गाळत लोंबत होती. खाली लिहिलं होतं, ‘वादळ घरी येऊन गेलं. तू नव्हतास.’ गादी वाळायला पुढे तीन दिवस लागले.

मग सप्टेंबरात मोठं चक्रीवादळ यायचं होतं, त्यावर मी डोळा ठेवून होतो. पण या देशात चक्रीवादळसुद्धा वेळापत्रक लावून येतं. कोणत्या गाड्या किती वाजल्यापासून बंद, हे रेल्वेने आदल्या दिवशीच सांगून टाकलं. लोक शांतपणे रांगेत उभे राहून कोन्बिनीतले, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातले सगळे पाव घेऊन गेले. ज्याच्या मागे धावायचं तेच दारात येऊन उभं राहिलं आणि मी दिवसभर घरात बसून खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. वादळामागे धावण्याचा माझा छंद तिथे संपला असता. तो टिकला तो मुलीमुळे.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. वर्षाची असताना ती इकडे आली. मी मराठीत विचारतो, ती जपानीत उत्तर देते आणि आमचं भागतं. शाळेतून येणारे कागद तीच मला वाचून दाखवते. पालकसभेत मी वाकायचं तेव्हा उभा होतो आणि सगळे उभे राहिले तेव्हा वाकलो, हे तिने घरी येऊन आईला जराही न हसता सांगितलं. ती वाईट वागत नव्हती. तिने मला काही विचारणंच सोडून दिलं होतं, एवढंच. बाबा प्रेमळ आहे, पण त्याला इथलं काही कळत नाही, हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिने मला एखादी गोष्ट विचारावी आणि मला ती खरोखर माहीत असावी, एवढीच माझी इच्छा होती. ऑफिसात तेरा माणसं मला रोज काहीबाही विचारायची, त्याचं मला काडीचं सुख नव्हतं.

आमच्या वस्तीत घरोघरी एक फाइल फिरते. तीत सूचना असतात. प्रत्येकाने वाचायच्या, शिक्का मारायचा आणि शेजारी द्यायची. पुढच्या मे महिन्यात मुलगी ती फाइल मला वाचून दाखवत होती. कचऱ्याचे वार, नाल्याची सफाई, आणि मग ती थांबली. नदीकाठच्या मैदानावर रविवारी मुलांचा फुटबॉल असतो, त्यासाठी उन्हाळाभर आकाशावर लक्ष ठेवणारे स्वयंसेवक हवे होते. ते मैदान अराकावा नदीच्या बांधाच्या पोटात आहे आणि वरून उंच एक्स्प्रेसवे जातो, त्यामुळे खालून पश्चिमेचं आकाश दिसत नाही. आणि पाऊस येतो तो तिकडूनच. ती स्वतः त्याच मैदानावर खेळायची. तिने मान वर केली आणि विचारलं, की तू ढगांचं बघतोस ना, तू करशील का? मी दोनदा शिक्का मारला.

शिकवायला एक गृहस्थ होते, सत्तरीच्या पुढचे. आयुष्यभर रेल्वेत नोकरी केलेली, त्यातली बरीच वर्षं पुलांवरचा वारा मोजण्यात आणि गाड्या सोडायच्या की थांबवायच्या ते कळवण्यात गेलेली. त्यांना सगळे सेन्सेई, म्हणजे गुरुजी म्हणायचे. शिकणारे आम्ही दोघं. मी आणि पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई, ज्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या होत्या आणि जिना माझ्या दुप्पट वेगाने चढायच्या. जागा होती आमच्याच इमारतीच्या बाहेरच्या जिन्याचा चौदाव्या मजल्यावरचा कट्टा. तिथून पश्चिम मोकळी दिसते, नदी दिसते, बांध दिसतो. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे माझी निवड सोयीची होती. पहिल्या दिवशी मी दुर्बीण, वारा मोजायचं खिशातलं यंत्र, पावसाळी जाकीट आणि कानावर येणारी टोपी असा जामानिमा करून गेलो. सेन्सेईंकडे दोरीला बांधलेली एक पेन्सिल होती.

सरावाचा पहिला अहवाल मी झोकात लिहिला. पश्चिमेला भयंकर ढग, परिस्थिती गंभीर होण्याची शक्यता. सेन्सेईंनी विचारलं, भयंकर म्हणजे किती बोटं? हात लांब करायचा आणि क्षितिजापासून ढगाचा माथा किती बोटं वर आहे ते मोजायचं, अशी त्यांची पद्धत होती. मोजला तर तीन बोटं भरला. त्यांनी ‘भयंकर’ खोडलं, मग ‘परिस्थिती’ खोडली आणि सांगितलं, की परिस्थिती मैदानावरचे लोक ठरवतील, तुम्ही फक्त दिसलं ते लिहा, न दिसलेलं लिहू नका. मला हे फार खटकलं. आमच्या धंद्यात काही माणसं केवळ परिस्थितीच्या जोरावर व्हाइस प्रेसिडेंट झाली आहेत.

दुसरा धडा बोट दाखवण्याचा. इथल्या रेल्वेत मोटरमन सिग्नल नुसता बघत नाही. हात लांब करून त्याच्याकडे बोट दाखवतो आणि मोठ्याने म्हणतो, योशी. म्हणजे ठीक. डोळा एकटा असला की चुकारपणा करतो, हात आणि तोंड कामाला लावलं की त्याला बघावंच लागतं, असं सेन्सेईंचं म्हणणं. म्हणून आम्हीही चारी दिशांना तोंड करून, बोट रोखून, दिशेचं नाव घेऊन योशी म्हणायचं. मी पहिल्यांदा पश्चिमेकडे बोट करून ओरडलो तेव्हा चौदाव्या मजल्यावरच्या एका बाईंनी दार उघडून पाहिलं आणि हळूच लावून घेतलं. एकदा मुलगीही वर आली होती. तिने तो प्रकार पाहिला आणि जिन्यातूनच परत फिरली. घरी आल्यावर म्हणाली, बाबा, हे मनातल्या मनात नाही का करता येत? मी सेन्सेईंना विचारून पाहिलं. ते नाही म्हणाले.

तिसरा धडा छापील तक्त्याचा. चार दिशांच्या चार ओळी आणि तीन रकाने: बदल आहे, बदल नाही, पाहिलं नाही. तिसरा रकाना वाचून मला हसू आलं. ड्युटी घ्यायची आणि ‘पाहिलं नाही’ असं स्वतःच्या हाताने लिहायचं, हे कोण करणार? आमच्या धंद्यात अहवालाला हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग असतात. हिरव्याचा एका दिवसात लाल झालेला मी पाहिला आहे, पण ‘बघायचं राहून गेलं’ म्हणणारा माणूस सोळा वर्षांत पाहिला नाही. मी अदबीने सुचवलं, की हा रकाना काढून टाकला तर तक्ता सुटसुटीत होईल. सेन्सेई म्हणाले, विचार करू. त्यांनी विचार केला नाही हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं, तक्ता होता तसाच होता.

जूनच्या शेवटी मला स्वयंसेवकाची पिवळी दंडपट्टी मिळाली. मुलीने ती आधी स्वतःच्या दंडाला लावून आरशात पाहिली. दर दुसऱ्या रविवारी माझी पाळी, आणि पोस्टातल्या बाईंना सुट्टी लागली की त्यांचीही मीच घ्यायचो. दहा, बारा आणि दोन वाजता वर जायचं, चारी दिशा बघायच्या आणि तक्ता फोनवरून पाठवायचा. खाली मैदानावर प्रशिक्षक तो वाचणार आणि मगच खेळ पुढे चालू ठेवणार. वर माझे बाबा आहेत, असं मुलीने संघात सांगून ठेवलं होतं. ती आता घरात मला विचारू लागली. आज पाऊस येईल का, तो ढग असा का दिसतो, वीज आधी दिसते आणि आवाज मागून का येतो. मी तिला सांगितलं, की वादळी ढगाचा माथा चपटा होतो, ऐरणीसारखा. ऐरण म्हणजे काय, तिने विचारलं. मीही जन्मात पाहिलेली नव्हती, पण सविस्तर सांगितली. जपानातले माझे सगळ्यात सुखाचे रविवार ते.

इमारतीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरही मी आकाशाची बातमी टाकू लागलो. सेन्सेईंनी खोडलेली परिस्थिती तिथे पुन्हा जिवंत झाली. लोक अंगठे दाखवायचे. एका काकूंनी पापड वाळत घालू का म्हणून विचारलं आणि मी त्यांना दोन परिच्छेद लिहून पाठवले. मुद्दा एवढाच, की वादळ काही येत नव्हतं. पाच रविवार मी चारी दिशांना बोट दाखवून ‘बदल नाही’ लिहीत होतो. सहाव्या रविवारपर्यंत मला खात्री झाली होती, की आकाश माझं ऐकतं.

तो ऑगस्टमधला रविवार होता. बाराची फेरी मी नीट केली. आकाश पांढुरकं होतं, वारा पडलेला, आणि गरम इतकं की कठडा हाताला चटका देत होता. पण त्याच दिवशी ऑफिसात नवीन व्हर्जन चढवायची होती आणि दीडपासून पुण्याच्या टीमशी कॉल सुरू झाला. पंधरा माणसं, त्यातली बारा गप्प. पावणेदोनला मी कानात हेडफोन तसाच ठेवून दाराबाहेर आलो. लिफ्टवर कागद होता: तपासणी, एक ते तीन बंद. एवढं मलाही वाचता येतं. तिसऱ्यापासून चौदावा म्हणजे अकरा मजले. मी जिन्याकडे बघितलं, जिन्याने माझ्याकडे बघितलं आणि मी घरात परत आलो.

रडार उघडलं. स्वच्छ. बाराचा अहवाल उघडला, बाराचे दोन केले आणि पाठवून दिला. आमच्या धंद्यात याला खोटं म्हणत नाहीत. कालचाच अहवाल तारीख बदलून पाठवणं ही तिथे शिस्त समजली जाते. मी तर त्याहून प्रामाणिक वागलो. स्वयंपाकघरात उभं राहून हात लांब केला, पश्चिमेकडे, म्हणजे आमच्या फ्रिजकडे बोट रोखलं आणि मोठ्याने म्हणालो, योशी. कॉलवर कोणीतरी विचारलं, काय म्हणालात. मी म्हटलं, काही नाही, चालू द्या.

अर्ध्या तासाने खोलीत अंधार झाला. आमची बाल्कनी पूर्वेला आहे, तिकडे अजून ऊन होतं, त्यामुळे मला आधी काही कळेना. मग गार वारा आत आला. सेन्सेईंनी शिकवलेल्या खुणांमधली ही शेवटची खूण, हिच्यानंतर हातात वेळ उरत नाही. मग पहिला गडगडाट झाला आणि काचा हादरल्या. मी कॉल तसाच टाकून खाली धावलो आणि सायकल काढली. चौकात छत्री उलटी झाली, ती तिथेच सोडली. गारा पडत होत्या. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत मी आकडे मोजत होतो आणि प्रत्येक वेळी ते कमी होत होते.

मुलं मला एक्स्प्रेसवेच्या खाली सापडली. प्रशिक्षकांनी सगळ्यांना उकिडवं बसवलं होतं. नदीपलीकडे कुठेतरी वीज पडली होती, इकडे सगळी सुखरूप होती. एक लहान मुलगी रडत होती आणि माझी मुलगी तिचा हात धरून बसली होती. प्रशिक्षक चिंब भिजले होते. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, मी केलेल्या श्रमाबद्दल आभार मानले आणि म्हणाले, उन्हाळ्यातले ढग असेच, अचानक येतात. मी म्हणालो, हो, अचानक आले.

पाऊस थांबल्यावर आम्ही दोघं घरी आलो. लिफ्टवरचा कागद अजून तसाच होता. मुलगी त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला, माझे कागद वाचते तसा. मग तिने जपानीत विचारलं, बाबा, पाहिलंस? मी म्हटलं, रडारवर काहीच दिसत नव्हतं. तिला वाटलं मला प्रश्न समजला नाही. मग तिने तोच सावकाश मराठीत विचारला.

“तू वर जाऊन पाहिलंस?”

“नाही.”

तिने मान हलवली. शाळेचा कागद मला वाचता आला नाही की ती अशीच मान हलवते, आणि कागद माझ्या हातातून घेते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती चिडली असती तर मी समजूत घालू शकलो असतो. भीती मला दुसऱ्या दिवशी वाटली, ऑफिसात, पंधरा जण नवीन व्हर्जन व्यवस्थित चढली म्हणून एकमेकांचं अभिनंदन करत असताना. मी उठून तोंड धुऊन आलो.

मी सेन्सेईंना ईमेल लिहायला बसलो होतो. बायकोने लॅपटॉप मिटला. म्हणाली, त्यांच्या घरी जाऊन सांग. इथे माफी मागायला जाताना मिठाईचा खोका न्यायचा असतो आणि चूक जेवढी मोठी तेवढा खोका मोठा. तिने स्टेशनवरून आणलेला खोका मला दोन हातांनी धरावा लागला.

जाताना ट्रेनमध्ये मी मनात तीन मुद्दे तयार केले होते. लिफ्ट बंद, ऑफिसचा कॉल, रडारची मर्यादा. सेन्सेईंनी तिन्ही ऐकून घेतले. मग त्यांनी कपाटातून जुन्या तक्त्यांची वही काढली आणि माझ्यासमोर उघडली. त्यांच्या स्वतःच्या पाळ्यांची पानं होती. तिसऱ्या रकान्यात अधूनमधून खुणा होत्या, आणि त्यांच्यापुढचं सेन्सेईंनी बोट ठेवून मला वाचून दाखवलं. एकीपुढे लिहिलं होतं, ताप. एकीपुढे, पत्नी इस्पितळात. आणि एकीपुढे नुसतं, झोप लागली. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाने ते पेन्सिलीने, नीट अक्षरात लिहून ठेवलं होतं.

सेन्सेई म्हणाले, “तुम्ही ‘पाहिलं नाही’ लिहिलं असतंत, तर खाली कुणीतरी बांध चढून स्वतः पाहिलं असतं.”

मी दंडपट्टी काढून पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. पुढच्या रविवारच्या ओळीत माझं नाव लिहिलं, आणि मागच्या रविवारचा दोनचा तक्ता दुरुस्त करून सगळ्यांना पाठवायला सांगितलं. चार दिशा, चारही पुढे ‘पाहिलं नाही’. मी तो प्रशिक्षकांना पाठवला, मुलांच्या पालकांना पाठवला आणि मराठी ग्रुपवरही टाकला. त्या एका बातमीला कोणी अंगठा दाखवला नाही. पापडवाल्या काकूंनी ग्रुपमध्ये हवामान कळवणारी दुसरी कुणीतरी व्यक्ती आहे का, असं विचारलं.

आठवडाभर मुलगी माझ्याशी नेहमीसारखीच वागली. फक्त ढगांचं काही विचारलं नाही. रविवारी सकाळी ती बूट घालून निघाली तेव्हा मी सांगितलं, आज मी तिन्ही वेळा वर जाणार आहे. ती म्हणाली, बरं.

मी तिन्ही वेळा गेलो. दोनच्या फेरीला आकाश निळं होतं, वायव्येला एक ढग, एक बोट. चारी दिशांना बोट रोखून मोठ्याने योशी म्हणालो. त्या बाईंनी दारही उघडलं नाही, त्यांना आता सवय झाली असावी. तक्ता भरून पाठवला आणि दुर्बीण मैदानाकडे लावली. तो अहवाल तिथे वाचला जात असताना मला बघायचा होता.

बांधाच्या पायऱ्यांवरून सात नंबरचा, माझ्या मुलीचा टीशर्ट धावत वर येत होता. वर आल्यावर ती थांबली. आधी नदीकडे, पश्चिमेकडे तोंड केलं, हात लांब केला आणि बोट रोखलं. मग उत्तरेकडे. मग दक्षिणेकडे. खाली संघातली सगळी मुलं तिच्याकडे बघत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. माझा अहवाल पोहोचला होता, तरी ती स्वतः बघायला वर चढली होती. तिने हेच करायला हवं होतं.

शेवटी ती पूर्वेकडे वळली. पूर्वेला आमची इमारत होती, आणि चौदाव्या मजल्यावर मी होतो. तिने माझ्याकडे बोट रोखलं आणि ते बराच वेळ तसंच धरलं. मग ती पायऱ्या उतरून गेली.

ती योशी म्हणाली की नाही, ते मला एवढ्या लांबून दिसलं नाही. म्हणून मी ते लिहीत नाही.